मागची दोन चाकं की चारही

येडगाव,
गुरुवार

तीर्थरूप रामदासदादांना धाकट्या नंदाचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत आणि तुम्हीही कळंबला बरे असाल असं धरून चालते, कारण बरे नसता तर वहिनींचा फोन कधीच आला असता. वहिनींचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं निरगुडीचं तेल त्या गुडघ्यांना लावतात की मांडणीवर बाटली शोभेला ठेवलीय, ते खरं खरं कळवा. म्हैस व्याली असेल तर तेही कळवा. रेडी झाली असेल तर मला खरवस पाठवा आणि रेडा झाला असला तरी पाठवा, खरवसाला फरक पडत नाही.

तुम्ही म्हणाल, घरात तीन मोबाइल असताना ही पत्र काय लिहीत बसली. तर दादा, तुम्ही जन्मभर एस.टी. चालवलीत आणि इंजिनाच्या वरताण बोलायची तुमची सवय रिटायर झाल्यावरही गेली नाही. तुमच्याशी फोनवर बोललं की आमच्या ओट्यावर बसलेल्यांनाही तुमचं मत कळतं, आणि हा विषय असा आहे की त्यावर ओट्याला आणखी मतं परवडायची नाहीत. म्हणून लिहिते. पारसभाऊ उद्या कळंबला चाललेत, त्यांच्या हाती देते. (हे, म्हणजे प्रांजलचे पप्पा, शेजारीच बसलेत. यंत्राच्या भागात माझं काही चुकू नये म्हणून त्यांची नजर कागदावर आहे.)

ह्यांची तब्येत ठीक आहे. मागच्या पावसाळ्यात छातीत दुखायला लागून पुण्याला नेलं, हृदयात स्प्रिंग बसवली, ते सगळं तुम्ही पाहिलंच आहे. दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझ्याबरोबर तुम्हीच बसला होतात. गोळ्या वेळेवर चालू आहेत. डॉक्टरांनी एकच सांगितलंय, डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. आणि ताप तर घरातच मुक्कामाला आलाय.

आम्हाला गाडी घ्यायची आहे. म्हणजे घ्यायची हे ठरलंय, कोणती ते ठरत नाही. नारायणगावातल्या दलीचंदशेठच्या खता-बियाण्याच्या दुकानातले पारसभाऊ तुम्हाला माहीत आहेत. दिवाळीच्या सुमारास ते ह्यांना भेटायला म्हणून आले. आजारी माणसाला भेटायला येणारे लोक सफरचंद आणतात, पारसभाऊंनी खिशातून मोबाइल काढला आणि दोन गाड्यांचे व्हिडिओ दाखवले. त्यांच्या मेव्हण्याचा पुण्याला जुन्या गाड्यांचा धंदा आहे, त्याच्याकडे दोन स्पोर्ट्स सेडान आल्या होत्या. स्पोर्ट्स सेडान म्हणजे मागे डिकी असलेली साधीच गाडी, पण अंगानं बसकी आणि तोंडावरून चिडलेली. (हे म्हणतात असं लिहू नको, 'ॲग्रेसिव्ह' लिही. लिहिलं.) दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या. एक निळी, एक पांढरी. निळीचं इंजिन फक्त मागची दोन चाकं फिरवतं, त्याला रिअर-व्हील म्हणायचं. पांढरीचं चारही फिरवतं, ते ऑल-व्हील. झालं. एवढ्याशा गोष्टीवर दिवाळीपासून आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्यात.

ह्यांचं म्हणणं ऑल-व्हीलच घ्यावी. पावसात रस्ता धरते, चिखलात अडत नाही, माळशेज घाटात धुक्यातून वळणावर चाकं निसटत नाहीत. आता माळशेजला आम्ही लग्नानंतर एकदाच गेलो, तेही दादा तुमच्याच गाडीतून, आणि तुम्ही आम्हाला तिकीट फाडायला लावलं होतंत. पण हे बोलायला लागले की असं वाटतं, आम्ही रोज सकाळी दूध घालायला घाट उतरतो. पारसभाऊ रिअर-व्हीलवाले. ते म्हणतात, पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम दिलं की स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरतं, गाडी हलकी राहते, पेट्रोल कमी पिते, आणि चालवायची मजा म्हणून जी काय असते ती त्यातच आहे. हे ऐकून सासूबाईंनीही पारसभाऊंची बाजू घेतली, पण कारण वेगळं. त्या म्हणाल्या, "मेंढरं म्हागून हाकायची असत्यात. म्होरं कोन का चालंना, जोर म्हागूनच पायजे." जन्म मेंढरांमागे गेला त्यांचा, अजूनही सकाळी वाड्यातली वीसेक मेंढरं स्वतः बाहेर काढतात. त्यांच्याशी कोण वाद घालणार?

मग शेजारचे बाळासाहेब आले. त्यांचा शर्यतीचा बैलगाडा आहे, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही विषयात त्यांना बोलावं लागत नाही, ते आपले आपण येतात. त्यांनी सांगितलं की आपल्या शर्यतीच्या घाटात गाड्याला चार बैल जुंपतात, दोन नाही, आणि वाडवडील काही खुळे नव्हते, तेव्हा ऑल-व्हील. ह्यांना मोठा आनंद झाला. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आन् शर्यतीत म्होरं घोडी पळती ती? ती काय वढती व्हय?" बाळासाहेब तसेच उठले. ते बेल्ह्याच्या बाजाराला गेले आणि तिथे बैल बघायचे सोडून त्यांनी हाच प्रश्न चार जणांना विचारला, आणि संध्याकाळी चार नवी मतं घेऊन आले. माझं म्हणाल तर मी कुणाच्याच बाजूची नाही. हे ऑल-व्हील म्हणाले की मी रिअर-व्हील म्हणते. संसाराची सवय, दुसरं काय.

शेवटी पारसभाऊंनी मेव्हण्याला गळ घालून निळी गाडी एक दिवस इकडे आणली, म्हटलं चालवून बघा आणि काय तो निकाल लावा. आमच्यात नवं वाहन दारात आलं की आधी त्याची पूजा होते. सासूबाईंना सांगितलं की गाडी आपली नाही, नुसती बघायला आणलीय. त्या म्हणाल्या, बघायला आणलेल्या पोरीलासुद्धा कुंकू लावतात. मग चाकांखाली ठेवायला लिंबं आणली, तर त्या दोनच मागायला लागल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जी चाकं राबत्यात त्यांनाच लिंबू. बसून खानाऱ्यांना कशाला?" बाळासाहेब म्हणाले, रिवाज चार लिंबांचा आहे. झाली पुन्हा सुरुवात. बराच वेळ वाद होऊन मागे पूर्ण लिंबू आणि पुढे अर्धं अर्धं, असा निकाल लागला. मग सासूबाईंनी येळकोट म्हणत बॉनेटवर भंडारा उधळला, आणि आपल्याकडून कमी नको म्हणून मूठभर काचेच्या खालच्या जाळीतही घातला. गार हवा तिथूनच आत घेतली जाते हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. पारसभाऊंनी एसी लावला मात्र, बिचारे पांढऱ्या शर्टात खंडोबाच्या जत्रेतून आल्यासारखे पिवळेधमक झाले. रागावले मात्र नाहीत. म्हणाले, लग्नानंतर एवढी हळद आत्ताच लागली.

गाडी वळवायला म्हणून ह्यांनी ती मेंढरांच्या वाड्याकडे मागे घेतली. सकाळीच वाडा झाडून लेंड्यांचा ढीग कडेला लावलेला, त्यावर टाकीचं पाणी सांडलेलं. मागची चाकं नेमकी त्यात. ह्यांनी जोर दिला तशी चाकं जागेवर गरगर फिरली, आणि लग्नाला निघालेले बाळासाहेब मागे उभे राहून 'सावकाश, सावकाश' म्हणत होते, त्यांच्या धोतरावर सगळं खत गेलं. (हे म्हणतात, ऑल-व्हील असती तर असं झालं नसतं हे लिही. लिहिते. पण मग चारही बाजूंनी उडालं असतं हेही लिहिते.) लोकांनी ढकलून गाडी काढली आणि बाळासाहेबांसकट आम्ही पाचही जण दाटीवाटीनं बसून रस्त्याला लागलो. सासूबाई पुढे.

आणि दादा, आमच्या दारापुढचा स्पीडब्रेकर तुम्हाला आठवतोय ना? वाहनं भरधाव येतात, मेंढरं रस्ता ओलांडताना मरतात, म्हणून ह्यांनीच गावाला गोळा केलं होतं आणि मेंढरं रस्त्यावर बसवून आंदोलन केलं होतं. ठेकेदारानं टाकलेला पहिला स्पीडब्रेकर ह्यांना पसंत पडला नाही, म्हणून उभं राहून दुसरा थर चढवून घेतला. एस.टी.सुद्धा तिथे नमस्कार करून जाते. त्यावर आमच्या निळ्या गाडीचं पोट टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. आम्ही सगळे उतरलो, फक्त सासूबाई उतरेनात. म्हणाल्या, पूजा मी केलीय, मी का उतरू? तेवढ्यात त्यांची मेंढरं घरी परतत होती, ती गाडीच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, आणि सासूबाईंनी आतूनच प्रत्येकीला नावानं हाक मारली. हे गाडीचं दार धरून इतके हसत होते की मला वाटलं, पुन्हा दुखायला लागतंय की काय.

हाच पुरावा ऑल-व्हीलच्या बाजूचा आहे असं ह्यांचं म्हणणं पडलं. म्हणून पुढच्या आठवड्यात पांढरी आणली. तिचंही पोट तिथेच टेकलं. पोटाला चाकं नसतात हे माझ्यासारख्या बाईलासुद्धा दिसतं, पण अजून वाद चालूच आहे. स्पीडब्रेकर थोडा उतरवावा असं पारसभाऊ हळूच म्हणाले, तर हे म्हणाले, मेंढरांचं काय? हा मुद्दा मात्र सर्वानुमते मिटला.

तेव्हा दादा, तुम्ही येत्या रविवारी या आणि सोक्षमोक्ष लावून टाका. हे म्हणतात, रामदासभाऊ सांगतील ते मला मान्य. तुम्ही जन्मभर मागच्या चाकांची एस.टी. चालवली म्हणून तुमचा निकाल आधीच ठरलाय असं समजू नका, दोन्ही बाजू ऐका. पण एकदाचं सांगून टाका. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
नंदा

ता. क. लाइट आली म्हणून हे मोटर चालू करायला मळ्यात गेलेत, तोवर खरं लिहून घेते. वरचं सगळं ह्यांनी वाचून पास केलंय. दादा, तुम्ही या, पण निकाल देऊ नका. हे चारही म्हणाले तर तुम्ही मागची म्हणा. तुमच्या बोलण्यानं मागचीवर आले तर तुम्ही लगेच चारही म्हणा. दवाखान्यातून आल्यावर हे बोलायचेच बंद झाले होते, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. खाटेवर बसून रस्त्याकडे बघायचे. जेवता का, हं. झोपता का, हं. टोमॅटोला कधी नव्हे तो बाजार मिळाला, तरी हं. मला फार भीती वाटायची. माणूस घरी आणला पण तो दवाखान्यातच राहिला, असं वाटायचं. गाडीचा वाद सुरू झाल्यापासून हे सकाळी उठून कालव्यापर्यंत चालत जातात, कारण बाळासाहेबांना डिफरन्शियल, म्हणजे चाकांना जोर वाटून देणारं यंत्र, समजावायचं असतं. डॉक्टर जे सांगून थकले ते निळ्या गाडीनं केलं. वाद मिटला तर पुन्हा ती खाट आहे.

ता. क. दुसरा. पारसभाऊंनी मला गुपचूप सांगितलंय, दोन्ही गाड्या मागेच विकल्या गेल्या. ह्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका, आणि वहिनींनाही सांगू नका, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ता. क. तिसरा. रामदासभाऊ, अक्षर बदललंय ते ओळखलं असेल. मी मच्छिंद्र. चहा उतू गेला म्हणून नंदा आत पळाली, कागद इथंच राहिला, मी वाचला. गाड्या गेल्या हे मला ठाऊक आहे, मी पारसच्या मेव्हण्याला स्वतः फोन केला होता. तिला सांगू नका. मी बोलत नव्हतो म्हणते ते खरं आहे, पण तीही बोलत नव्हती हे तिनं लिहिलं नाही. दवाखान्यातून आल्यापासून माझ्याशी एकदाही भांडली नव्हती. भाजीत मीठ नाही म्हटलं तर गुपचूप मीठ आणून ठेवायची. मला वाटलं, आता ही मला पाहुणा समजते. मी ऑल-व्हील म्हटलं आणि ती पहिल्यांदा माझ्यावर कडाडली, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. तेव्हा तुम्ही रविवारी या, आणि तिनं मागची म्हटलं की तुम्ही चारही म्हणा, म्हणजे ती लवकर गप्प बसायची नाही. पाकीट मीच चिकटवतो, तिला हे दिसायचं नाही. येताना एस.टी.नंच या. कुणाची कार मागून आणू नका, स्पीडब्रेकर आहे तसाच आहे.