सुरुंगानंतरचा तास

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, माझं मॉडेल पास झालं. तुमच्या खाणीत आम्ही सेन्सर बसवलेत ना, ज्यांवर तुझी माणसं जॅकेट अडकवतात, ते खडकाचा प्रत्येक हादरा टिपतात. तो सगळा डेटा घेऊन मी दाखवलं, की छत धरायला ठेवलेले दगडी खांब गरजेपेक्षा जाड आहेत. बारीक केले तरी चालतं, आणि कापलेलं खनिज हातात येतं. शिवाय सुरुंगानंतर खडक एकदम शांत असतो, म्हणजे तुम्ही तासभर उगाच बाहेर बसता, तेही नको. मोठ्या साहेबांनी लगेच सही केली. आता तरी मला कॉम्प्युटरची किडी म्हणू नकोस.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, टोमणे तेवढे कमी कर.

तुझी,
ठिणगी

११ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

किडीला बढती देऊन कॉम्प्युटरबाई केलं, खूश? तुझ्या नकाशाप्रमाणे खांब कापायला घेतलेत. त्यावरून पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये मारामारी झाली. एक ड्रिलवाला म्हणाला, की हे खुर्चीत बसून आखलेलं मरण आहे. आमचा पाळीप्रमुख, ज्याला सगळे बैल म्हणतात, तो तुझ्या बाजूचा. त्याने ड्रिलवाल्याचं तोंड टेबलावर आपटलं, दोन दात पडले. तुझा भाऊ म्हणून मलाही एक ताट बसलं, भुवई फाटली. वहिनी म्हणते, बहिणीचं यश तोंडावर दिसतंय.

बाकी ठीक. सुरुंग उडाला की डोंगर तासभर कडाकडा दात खात बसतो. पूर्वी तेव्हा आम्ही बाहेर असायचो, आता त्यातच आत शिरतो. काल दगडाची एक कपची उडून शेजारच्याच्या हेल्मेटात खिळ्यासारखी रुतली. सवय होईल.

वेळेवर जेवत जा.

दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

तुझा फोन लागत नाही, म्हणून खनिजाच्या ट्रकवाल्याकडे हे पत्र देतेय. वाचल्याशिवाय खाली उतरू नकोस.

तू लिहिलंस, डोंगर तासभर दात खातो. मी ग्राफ उघडला, तर त्या तासाला माझ्याकडे नुसती सपाट रेघ. डेटा साफ करताना सुरुंगाचा धमाका काढायचा होता, मी अख्खा तासच कापला. ती रिकामी जागा मॉडेलने शांतता म्हणून धरली. तो तास परत घालून पुन्हा चालवलं. दादा, कापलेला खांब फुटणार. कोसळणार नाही, बाँबसारखा फुटणार.

साहेब म्हणाले, रिपोर्ट तुझाच आहे, पुढच्या मीटिंगला बघू. खाणीच्या ऑफिसात फोन केला, तर त्यांना साहेबांची सही हवी. तू कुणालाही आत जाऊ देऊ नकोस. कसंही कर. माझ्यावर नंतर रागव.

ठिणगी

२० फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

माझ्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून मी सांगतोय आणि वहिनी लिहितेय.

पत्र आलं तेव्हा पाळी उतरायला निघाली होती. माणसं खाली नेणाऱ्या लिफ्टच्या पिंजऱ्याच्या दारात मी आडवा झालो आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. बैल म्हणाला, हिच्यापायी मी माणसाचे दात पाडले, आता ही म्हणते चुकलं, मी काय तोंड दाखवू, हो बाजूला. मी हललो नाही. त्याने पोटात लाथ घातली. मग मी पाना उचलला. त्याचा जबडा मोडला, पडताना त्याच्याखाली माझा हात मोडला. पाळीप्रमुखाशिवाय पिंजरा उतरवायचा नाही असा नियम, त्यामुळे सगळे वरच राहिले.

कुणीतरी आमचं रक्त पुसत होतं, तेवढ्यात जमिनीने खालून लाथ मारल्यासारखं झालं. पिंजऱ्याचा दोर तुटून चाबकासारखा फिरला. धूळ बसल्यावर खाली कॅमेरा सोडला. बोगदा नाहीच उरला. ड्रिलचं मशीन पापडासारखं चपटं झालंय.

मला कामावरून काढलंय. बैल माझ्याच शेजारच्या खाटेवर आहे, जबडा तारेने बांधलेला, पाटीवर लिहून बोलतो. पहिली मला शिवी लिहिली. मग लिहिलं, त्या ड्रिलवाल्याला बोलवा. तो आला तसा बैलाने गाल पुढे केला, की घाल. ड्रिलवाल्याने हात उगारला, पण त्या तोंडावर मारायला जागाच नव्हती. शेवटी खाटेवर बसला आणि नळी धरून त्याला दूध पाजलं.

जाताना तुझ्यासाठी निरोप देऊन गेला. पुढचा नकाशा करशील तेव्हा आधी इथे ये, म्हणे, आणि तो एक तास आमच्याजवळ बसून ऐक.

तुझा,
दादा