मुळ्यांचं तोंड हलत नव्हतं

१७ ऑक्टोबर १९४५

पुन्हा फोडलेली! तिसऱ्यांदा!

सात जण आत गेले, सात सुपाऱ्या तांब्यात पडल्या. सहा अख्ख्या, एक खांड. झालं. एका खांडेनं माझी आणखी एक खेप पाण्यात. मी बाहेर बाकावर बसले होते, नऊवारी सावरत, नव्या नवरीसारखी. शी! शरम वाटते लिहायलासुद्धा.

प्रिन्सिपॉल निसळसाहेब बाहेर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. “नाउमेद होऊ नका, सुनीतीबाई. पुढारीपण अंगात मुरावं लागतं.” देवमाणूस. त्यांच्यासारखे सात असते तर मी केव्हाच आत असते.

१८ ऑक्टोबर

रात्रभर डोळा नाही. कपाळ ठणकतंय. पण एक गोष्ट लख्ख दिसली, ती लिहून ठेवते.

आमच्या संस्थेत आजीव सभासद झाल्याशिवाय माणूस कुणीच नाही. वीस वर्षं इथंच शिकवीन अशी शपथ घ्यायची, मग विभाग मिळतो, मत मिळतं, उद्या प्रिन्सिपॉलची खुर्चीसुद्धा मिळू शकते. नाहीतर दर जूनला नेमणूक नवी, दर एप्रिलला धाकधूक. माझी आठ वर्षं अशीच गेली. आणि सभासद करून घ्यायचं तर जुन्या सातही जणांची संमती लागते. चिठ्ठी नाही, कारण चिठ्ठीवरचं अक्षर ओळखू येतं. आमच्या संस्थापकांनी सुपारीची चाल घातली. प्रत्येकाच्या हातात एक अख्खी सुपारी आणि एक खांड द्यायची. पंच्याखाली झाकलेला तांब्या. हो असेल तर अख्खी टाकायची, नको असेल तर खांड. कुणी काय टाकलं ते मरेपर्यंत सांगायचं नाही, अशी शपथ.

आता मी गणित शिकवते, भाजी विकत नाही! ज्यानं अख्खी टाकली त्याच्या हातात खांड उरते. ती तो तोंडात टाकतो, चघळत बाहेर येतो. ज्यानं खांड टाकली त्याच्या हातात अख्खी उरते, ती कुणाच्या दातानं फुटायची? ती जाते खिशात.

काल सात जण बाहेर आले. सहा जणांची तोंडं चालू होती. मुळ्यांचं तोंड हलत नव्हतं. मागच्या खेपेलाही नव्हतं. त्याच्या मागच्याही.

हेमचंद्र मुळे! गणिताचे मुख्य! माझेच वरिष्ठ! वर्गात मुलांना दोन वाक्यं धड सांगता येत नाहीत, फळ्याकडे तोंड करून पुटपुटतात. मी आत गेले तर त्यांच्या खुर्चीचं काय, ही धास्ती. मुकाट्यानं गळा कापणारा माणूस!

२१ नोव्हेंबर

टर्म सुरू. साहेबांनी बोलावलं. या टर्मला टाइमटेबल माझ्याकडे, प्रिलिमची बैठकव्यवस्था माझ्याकडे, स्नेहसंमेलन माझ्याकडे, युनिव्हर्सिटीला जाणारी सगळी पत्रं मी लिहायची, सही त्यांची. मुलींचं वसतिगृह तर आहेच. “हे काम नव्हे बाई, ही तुमची तयारी. उद्या संस्था चालवायची आहे ना तुम्हाला?”

मी मनातलं सांगून टाकलं. म्हटलं, कोण आड येतंय ते मला माहीत आहे.

साहेब उठले. मग दार लोटून आले, हळू आवाजात म्हणाले, “शपथ आहे, मी सांगायला नको. पण तुम्ही लेकीसारख्या. मी मुळ्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांच्या मुठीत अख्खी राहिलेली या डोळ्यांनी पाहिली.”

आता गणिताची गरजच उरली नाही!

४ डिसेंबर

थंडी मेली मी म्हणतेय. स्टाफरूममध्ये मुळे शेगडीजवळ बसले होते. मला पाहून उठले, जागा दिली. मी उभीच राहिले. बोटं गारठली तरी चालतील, त्यांच्या उबदार जागेवर बसायचं नाही.

९ डिसेंबर

घरी भांडण. मी टाइमटेबलचे कागद जेवायच्या पाटाशी घेऊन बसले तर शोभावहिनी म्हणे, “वन्सं, एवढं सगळं तुम्हीच करता, मग साहेब काय करतात?”

म्हटलं, ते मला तयार करताहेत.

“आठ वर्षं? एवढ्यात तर लोणच्यातली फोडसुद्धा मुरून विरघळते. मला बाई वाटतं, तुम्ही सभासद झालात तर ही हमाली फुकट कोण करील?”

मी ताट सरकवून उठले. जिला कॉलेजचं फाटक कुठल्या दिशेला आहे ठाऊक नाही ती मला शहाणपण शिकवणार! उंटावरची शहाणी! दादा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसला. याच्या बायकोला बोलताना कुणी आवरतच नाही.

१४ जानेवारी १९४६

संक्रांत. सगळ्या स्टाफला तिळगूळ दिला. शिपाई सहादेवलाही दिला. मुळ्यांना दिला नाही. त्यांनी हात पुढे केला होता. मी डबा मिटला.

१५ जानेवारी

वाईट वाटतंय का? मुळीच नाही.

२ फेब्रुवारी

आज फुटले एकदाची. बरं झालं!

स्टाफरूममध्ये दहाबारा जण चहा पीत होते. मुळे म्हणाले, “सुनीतीबाई, मार्चात पुन्हा तुमचं नाव यायचंय, ज्युनिअरचे वर्ग मी घेतो, तुम्ही जरा विश्रांती घ्या.” हे ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझे वर्गही काढून घ्यायचे!

म्हटलं, “मुळे, मांजर डोळे मिटून दूध पितं, पण लोकांचे डोळे उघडे असतात. तिन्ही वेळेला सगळे सुपारी चघळत बाहेर आले आणि तुमचं तोंड मिटलेलं. तुमची खांड कुठं गेली ते सांगा चारचौघांत!”

 मुळे पांढरेफटक पडले. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला. “मत सांगायचं नाही अशी शपथ घेतली आहे मी, बाई.”

“शपथेच्या आड लपताय!”

“आड नाही.” आणि कप खाली ठेवून म्हणाले, “तुमचा एवढा अविश्वास असेल तर या खेपेला मी आत जात नाही. बाहेर बसतो. मग तर झालं?”

झालं! उत्तम झालं! याहून मोठी कबुली काय हवी?

५ फेब्रुवारी

साहेबांनी मला नियम दाखवला. जो सभासद मत द्यायचं नाकारतो त्याला विभाग सोडावा लागतो. मला हे माहीत नव्हतं. मुळ्यांना माहीत असणार, इतकी वर्षं काढलीत त्यांनी.

साहेब म्हणाले, “गणित तूर्त तुम्हीच पाहा. हुद्दा नाही देता येणार, पण जबाबदारी घ्या. याला म्हणतात पुढारीपण.” आणि हसले. त्यांच्या तोंडात सुपारी कायमची, चांदीची डबी खिशात वाजत असते. बोलताना अर्धं कळतं, अर्धं नाही. पण माणूस लाखमोलाचा.

मुळ्यांनी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाले, “वरच्या कप्प्यातला कंपास जपून वापरा, स्क्रू सैल आहे.” मी वर पाहिलं नाही.

१९ फेब्रुवारी

काम, काम, काम. घसा बसला. संमेलनाच्या नाटकात मुलांनी दंगा केला, त्याची बोलणी मला. युनिव्हर्सिटीच्या पत्राचं उत्तर उशिरा गेलं, त्याची बोलणी मला. संमेलनाचं कौतुक साहेबांचं. असू दे. एकदा आत गेले की बघते एकेकाकडे.

दादाला म्हटलं, मार्चात पेढे आण. वहिनी ताटं उचलून आत गेली. बोलायला तोंड राहिलंय कुठं?

९ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

मी आणि मुळे एकाच बाकावर बसलो होतो. मध्ये दोन माणसांची जागा सोडून. आत सहा जण. मुळे छताकडे बघत होते. मी दाराकडे. एकदा म्हणाले, “पाणी हवंय का?” मी मान हलवली. घशाला कोरड पडली होती, तरी यांच्या हातचं नको.

दार उघडलं. सहाच्या सहा जण बाहेर आले. सहाच्या सहांची तोंडं चालू होती! मी उठले, मला वाटलं झालं, जिंकले!

साहेब आले, डोक्यावर हात ठेवला. “एक खांड निघाली, बाई.”

कशी? कुणाची? आत मुळे नव्हते! मी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. कुणी नजर दिली नाही. साहेब म्हणाले, “विष पेरायला माणूस आत असावा लागत नाही.” आणि मुळ्यांकडे पाहून निघून गेले.

खरंच आहे. असंच असणार. महिनाभर घरोघर फिरून कुणाचे तरी कान भरले असतील यांनी. वरवर बाहेर बसायचं सोंग! मी तोंडावर विचारलं, “आता समाधान झालं?”

मुळे उभे राहिले. उपरणं सावरलं. मग म्हणाले, “तुम्ही आत यायला हव्या होतात, बाई.” आणि जिना उतरून गेले.

नाटकी! जळ्ळं मेलं ते तोंड!

१० मार्च

सहाच्या सहा चघळत होते. हे मात्र जुळत नाही. पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. ज्यानं खांड टाकली त्याच्या तोंडात खांड आली कुठून?

डोकं दुखतंय. झोपते.

१२ मार्च

मुळे आज राजीनामा देऊन सकाळच्या गाडीनं पुणतांब्याला गेले, कायमचे. सहादेव त्यांचं सामान स्टेशनवर पोचवून आला आणि माझ्या टेबलापाशी कुरकुरत उभा राहिला.

“लई बेस मानूस गेला, बाई. आन माजी सुपारी बी बुडाली. त्यान्ला सुपारी लागती, घेरी येती. मत टाकलं की जिन्याखाली येऊन खांड माज्या हातावर ठिवायचे.”

मी विचारलं, कधी?

“तुमच्या नावाला तिन्ही बारीला. ह्याच बारीला न्हाई मिळाली. आत गेलेच न्हाईत ना.”

तिन्ही वेळा. खांड मुळ्यांच्या हातात होती, म्हणजे अख्खी तांब्यात. मुठीत अख्खी पाहिली म्हणाले होते साहेब, या डोळ्यांनी. आणि त्यांच्या खिशात ती सुपारीची चांदीची डबी.

दारात दुसरा शिपाई उभा आहे. साहेबांनी बोलावलंय, नव्या टर्मचं टाइमटेबल घेऊन.