कुरकुर आणि ठोका

सेंट अँड्र्यूज, ३ ऑक्टोबर १९९८

चि. इश्बेल हिस अ. आ. आधी तुझे क्षेम विचारतो, मग गाडीचे. तुझ्या पत्रात हा क्रम उलटा होता.

फर्गसदादाच्या जुन्या हिरव्या गाडीच्या पुढून आवाज येतो, असे तू लिहितेस. तो एकच आहे हे तुझे गृहीत. तुझे वर्णन मात्र दोन आवाजांचे आहे. संथ चालताना लांबत जाणारी कुरकुर निराळी, वळणावर ब्रेक लावताच बसणारा ठोका निराळा. उना वहिनींना शेजारी बसवून तू रोज घाटात जातेस, म्हणून निक्षून सांगतो: कारण सापडेपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढू नये.

उभ्या गाडीचा पुढचा बंपर दाबून सोड. कुरकुर तेव्हाही आली, तर ब्रेक आणि रस्ता निर्दोष सुटले. संशय सांध्यांत बसवलेल्या रबरी बुशांवर राहिला. मग चाक जॅकवर उचल, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि चाक वरून-खालून हलव. बेअरिंगची ढिलाई त्याने वगळली जाते. तरीही खाली खेळ जाणवला, तर तिथला पितळी सांधा उघड. त्याला गिअर ऑइल लागते. परंतु ग्रीसची बंदूकही तिथे चपखल बसते, म्हणून आपल्याकडचे हौशी लोक बेलाशक ग्रीस भरतात. ते सुकते, आटे गंजतात आणि एखाद्या वळणावर चाक मोडून आत कलंडते.

लोभ आहेच, तो घ्यायला तू धडधाकट राहा.
तुझा काका, अलास्डर

प्लॉक्टन, ११ ऑक्टोबर

ती. अलास्डर काकांस शि. सा. न. मी ठीक आहे, हे आधी लिहिलं. झालं समाधान?

शेजारच्या टॉर्किलनं ब्रेक दाबून धरला. तुझा काका गाडी दुरुस्त करतोय की तिच्यावर खटला चालवतोय, असं विचारत होता. सांधा उघडला. बाबांनी भरलेलं ग्रीस दगड झालं होतं आणि आट्यांच्या मुळाशी तडा होता. नवा भाग बसवला, ऑइल ओघळेपर्यंत भरलं. ठोका गेला.

कुरकुर बुशांचीच. चाकं हवेत लोंबत असतानाच बाबांनी कधीकाळी बोल्ट आवळले होते, त्यामुळे रबर कायमचं पिळलेलं. बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळायचे, एवढंच काम. पण माझा हात धजत नाही.

बाबा गेल्यापासून आईला घरसुद्धा परकं वाटतं. शांत होते ती फक्त या गाडीत. तळ्याकाठी धुकं असतं, लार्चची झाडं पिवळी झालीयेत. कुरकुर सुरू झाली की ती डोळे मिटते, ओठ हलतात. तिला बाबा ऐकू येत असावेत. ते मी कसे बंद करू? राहू दे ना आवाज.

रागावलात तरी माया कमी करू नका.
इश्बेल

सेंट अँड्र्यूज, १५ ऑक्टोबर

चि. इश्बेल हिस अ. आ. आणि एक हरकत.

वहिनींचे ओठ हलतात, इतकेच तू पाहिलेस. त्या काय म्हणतात, हे ऐकलेस का? शिवाय, आवाज राखायचा तर बिघाड राखावा लागेल, आणि बिघाड आहे तिथे थांबत नाही. पिळलेले रबर फाटणारच.

आज पहाटे स्वप्नात ती गाडी माझ्या गल्लीत आली. पावलांइतकाही आवाज नव्हता. मी दार उघडून उभा राहिलो. दादा काही उतरला नाही. माझाही जीव गुंतला आहे, हे तुला ठाऊक असावे. तो पुरावा मात्र नव्हे.

वहिनींना त्यांच्या जागी बसव. गाडीवर नेहमीचे वजन पडू दे. मग आवळ.

आपुलकी शाबूत आहे, हे वेगळे लिहीत नाही.
अलास्डर

प्लॉक्टन, २० ऑक्टोबर

ती. काकांस शि. सा. न.

आईला बसवलं. मांडीवर चहाचा थर्मास घेऊन ती राणीसारखी बसली, मी खाली पडून बोल्ट आवळले. मग निघालो. पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे लागतं, कळत नव्हतं. गाडी चालतेय की तरंगतेय, तेही नाही. मी सारखी आईकडे बघत होते.

चर्चच्या वळणावर तिनं डोळे उघडले. बराच वेळ कानोसा घेतला. मग माझ्या गुडघ्यावर चापट मारून म्हणाली, फर्गस, किती वर्षं डोकं खाल्लं तुझं त्या कुरकुरीपायी, आज कुठे मुहूर्त लागला!

मला हसू आवरेना, रडूही. गाडी कडेला घेतली. ती उत्तराची वाट बघत होती, म्हणून मी म्हटलं, चुकलो गं.

ती म्हणाली, असू दे, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

आमच्यावर जीव असू द्या.
तुमची इश्बेल