जावयाची गिटार

पातूर,
ता. १८ जानेवारी १९६८

अहो,

सौ. सत्यभामेचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. बाबांचा गुडघा थंडीनं धरतो, मायचा खोकला गेला, गाय व्यायली, कालवड झाली. तुमचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही बाबांच्या गुडघ्याची, गाईची आणि वांग्यावरच्या किडीची, सगळ्यांची विचारपूस केली आहे. माझी राहिली असेल घाईत.

संक्रांत झाली. आत्याबाईंनी सुनेसाठी म्हणून काळं लुगडं घेऊन ठेवलं होतं, असं बाबांना अकोल्याच्या भाजीबाजारात कोणीतरी सांगितलं. नव्या सुनेची पहिली संक्रांत सासरी व्हावी अशी रीत. मी इथे मायच्या हातचा तिळगूळ खाल्ला. चांगला झाला होता.

आमच्या वाडीतली मेथी आणि सांबार-कोथिंबीर दिवसाआड अकोल्याला जातात. जुड्या मीच बांधते. परवा एका जुडीकडे पाहून मला एवढा राग आला की ती मोडून पुन्हा बांधली. सांबाराचा काय दोष, पण त्या जुडीला कोणी अडवत नाही, सकाळच्या मोटारीच्या टपावर बसून ती आठ वाजता अकोल्यात. मला मात्र गिटार आल्याशिवाय जाता येत नाही.

पंजाबराव काका रोज संध्याकाळी येऊन बसतात आणि आल्यागेल्याला तुमच्या-माझ्या लग्नाची गोष्ट सांगतात. आता मलाही तोंडपाठ झाली आहे. जवाई ताटावर रुसले. रीतच आहे, बाबा तयारीत होते, खिशात घड्याळ घेऊन बसले होते. जवायाच्या कानात ऑर्केस्ट्रावाल्या उत्तमरावांनी काहीतरी फुंकलं, आणि जवाई म्हणाले, "इलेक्ट्रिक बास गिटार." साऱ्या पंगतीचे हात ताटातच थांबले. काकांनी विचारलं, "थे काय खाते?" आणि बाबांनी, ती वस्तू काळी का गोरी ठाऊक नसताना, मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं, "देल्ली! घ्या घास!" तुम्ही घास घेतला. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता, बाबांचाही आणि तुमचाही. कोणाचा जास्त ते सांगत नाही.

दिवाळसणाला तुम्ही बाबांना म्हणालात, "राहू द्या मामाजी, गंमत केली होती." त्यांचं ओझं उतरावं म्हणून म्हणालात, हे मला कळलं. बाबांना ते लागलं. तुम्ही संध्याकाळच्या मोटारीनं चहा न घेता एकटे गेलात, त्यानंतर ते ओसरीवर बसून मायला म्हणाले, "जवाई हासून राहिले माह्या जबानीवर. आता थे वस्तू आल्याबिगर पोरीले धाडत नाई. रिकाम्या हातानं कशी धाडू?" मायनं समजावलं, आजीनं शिव्या दिल्या. बाबा हलले नाहीत.

शोध मात्र जोरात आहे. आधी एक बुलबुलतरंग आणून झाला. "तारा हाये, वाजते, अजून काय पायजे?" मी नाही म्हटलं. मग अकोल्यातल्या दुकानात मुंबईची नवी पाहिली, ती बैलजोडीच्या मोलाची निघाली. आता जुनी, परवडेल अशी पाहणं चाललं आहे. दुकानदारांना बाबा एकच विचारतात, "सहा तारांची स्वस्त देता, अन चार तारांची महाग? दोन तारा कमी, तं भाव कमी कावून नाई?" शिवाय टरबुजासारखी टिचकी मारून पाहतात. इलेक्ट्रिकची गिटार आतून भरीव असते म्हणे, म्हणून टणक वाजते, आणि बाबा ती कच्ची समजून परत ठेवतात.

तेव्हा जुनी घ्यायची तर काय काय पाहावं, ते मुद्दाम बाबांसाठी लिहून पाठवा. आणखी काही लिहावंसं वाटलं तर कागदाला मागची बाजूही असते.

आत्याबाईंना नमस्कार.

सौ. सत्यभामा


पातूर,
ता. ९ फेब्रुवारी १९६८

अहो,

नमस्कार. तुमचं पत्र बाबांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. दांडी सरळ आहे का, खुंट्या घसरतात का, तारा पट्टीपासून फार उंच नाहीत ना. कागदाची मागची बाजू कोरीच होती.

गिटार आली! अमरावतीला राजापेठेत सूर्यभान म्हणून एक रेडिओ दुरुस्त करणारे आहेत. तिथली एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली, तिचं सामान त्यांच्याकडे विकायला होतं. बाबा आणि पंजाबराव काका गाडी बदलत अमरावतीला गेले. बाबांनी दांडी डोळ्यासमोर धरून नांगराच्या हळसासारखी पाहिली. खुंट्या पिळल्या. मग सूर्यभाननं वाजवून दाखवली, आणि काका सांगतात, फळीवरच्या काचा थरथरल्या, बाबांच्या छातीत धडधडलं. "ढगावानी बोलते!" बाबांनी भाव पाडला, पण शेवटी शेवटी त्यांचं लक्षच नव्हतं म्हणे. कलकत्त्याकडच्या बनावटीची आहे, लाल रंगाची, आणि वाजवणाऱ्याचा अंगठा टेकून टेकून एका जागी रंग उडालेला आहे. त्या जागेवर मी बोट ठेवून पाहिलं. कोण होता कोण जाणे, त्यानं का विकली असेल.

घोंगडीत गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन बाबांनी ती आणली. वाडीवर माणसं जमली. माय ओवाळायला ताट घेऊन आली. बाबांनी खाटेवर बसून, सूर्यभानसारखंच बोट वाकवून, तार ओढली.

काहीच नाही. म्हणजे उंदरानं पोत्यात चाळवावं एवढं. पुन्हा ओढली. पोरं हसायला लागली. काका म्हणाले, "किसनराव, बाजारात बैल उड्या मारते, अन दावनीले आला का बसते. तुमाले बदलून देल्ली." बाबांचं तोंड एवढंसं झालं. माय ताट घेऊन आत गेली.

मला पाहताक्षणी कळलं होतं. तुम्हीही हसत असाल आता. राजापेठेत जो बोलला तो शेजारचा, आवाज मोठा करणारा विजेवरचा डबा. बाबांना वाटलं दुकानातला रेडिओ ठेवला आहे. आणि सूर्यभानला वाटलं असेल, गिटार न्यायला आलेल्या माणसाकडे डबा असणारच. कोणी फसवलं नाही, आणि आमच्या वाडीवर तर अजून विजेचा खांबही आलेला नाही.

पण मी बोलले नाही.

उत्तमरावांच्या तालमीच्या खोलीवर तुम्ही मला एकदा नेलं होतं, आठवतं? श्रावणातली गोष्ट. सगळे जण पुढच्या पेटीवाल्याकडे आणि गाणाऱ्याकडे पाहत होते. तुम्ही मागे, उसनी गिटार घेऊन. मी म्हटलं, तुमचं काही ऐकूच येत नाही. तेव्हा तुम्ही माझा हात धरून त्या डब्यावर ठेवलात आणि वाजवलंत. तळहातातून आवाज थेट कोपरापर्यंत आला. तुम्ही म्हणालात, "हे बंद झालं की मग लोकांना कळतं." त्या रात्री झोपेत तुम्ही माझ्या मनगटावर बोटं वाजवत होतात. मी हात काढून घेतला नाही, मुंग्या आल्या तरी.

असो. न बोलण्याचं कारण सांगते. डबा वेगळा घ्यावा लागतो हे बाबांना कळलं, तर ते डबा शोधायला निघतील. "जवायानं दुसऱ्याच्या डब्यावर वाजवावं? अर्धी जबान देल्ली का म्या?" मी ओळखते त्यांना. डबा गिटारीपेक्षा महाग. मेथी संपेल, उन्हाळी वांगी संपतील, मृग येईल. आणि नाही सांगितलं, तर ते सूर्यभानशी भांडायला जातील. दोन्हीकडून माझंच बोट दारात.

तुम्ही काही सुचवा. किंवा सुचवू नका, एक शब्द लिहिलात तरी पुरे. कोणता ते मी सांगणार नाही. आत्याबाईंची तब्येत कशी आहे? तुमचा सदरा उसवला होता तो त्यांनी शिवला का? डाव्या खांद्याचा, जिथे गिटारीचा पट्टा येतो.

सौ. सत्यभामा


पातूर,
ता. ४ मार्च १९६८

अहो,

तुमचं पत्र मिळालं. डब्यात किती व्हॉल्व्ह असतात ते कळलं. सूर्यभान भला माणूस आहे असं तुम्हालाही वाटतं, ते कळलं. आत्याबाईंनी सदरा शिवला, तेही कळलं.

आता मी सरळ लिहिते, मग राग आला तरी चालेल. दिवाळीपासून तुमची जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या उशीखाली आहेत, आणि त्यांत एकातही 'ये' असं लिहिलेलं नाही. आधी मला वाटलं, बाबा पत्र वाचतील म्हणून लाजता. मग वाटलं, मामाजी पाठवतील तेव्हा पाठवतील, आपण कशाला तोंड उघडायचं, असा तुमचाही मान आहे. बाबांचा मान ओसरीवर, तुमचा मान अकोल्यात, आणि मी मधल्या रस्त्यावर. मग रात्री रात्री वाटायला लागलं, त्यांना सवय झाली असेल. खाट मोकळी असली की माणूस पसरून झोपतो. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

मला तिकडची फार आठवण येते. तुमची येते. आपल्या खोलीची खिडकी ज्या भिंतीवर उघडते ती ओली भिंतसुद्धा आठवते. इथे माझ्या मायबापांच्या घरी, जिथे मला कोणी कामाला हात लावू देत नाही, मला करमत नाही.

शुक्रवारी बाबांनी ठरवलं, उद्या राजापेठ. गिटार घोंगडीत बांधून दाराशी ठेवली. पंजाबराव काका सोबत जायचे, म्हणून रात्री आमच्याकडेच जेवायला होते. मायनं ताटं वाढली. माझंही वाढलं. मी बसले आणि हात मांडीवर ठेवला.

माय म्हणाली, "जेव ना वो." मी गप्प. बाबा म्हणाले, "काय झालं? पोट दुखते का?" मी गप्प. काकांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि मोठ्यानं हसले. "किसनराव, पोरगी रुसली!"

खरं सांगते, सुरुवात मी ठरवून केली होती, पण तोवर रुसवा खराच झाला होता. आईबापांनी नाव ठेवलं सत्यभामा आणि रुसायचा हक्क दिला जावयाला, असा कुठला न्याय? बाबांनाही हसू आलं. म्हणाले, "बरं बापा. माग. काय पायजे? लुगडं?"

"आधी देतो म्हना."

"देल्लं. या पंजाबरावासमोर देल्लं. माग."

मी म्हटलं, "अकोला."

काका हसायचे थांबले. बाबांनी ताटातला हात उचलला. "अन माही जबान?"

"जबान तुमची हाये बाबा. दिवस माहे चालले."

हे मी बाबांना बोलले. जन्मात पहिल्यांदा. बाबांनी हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. मग काकाच बोलले, आणि त्याबद्दल त्यांच्या साऱ्या टोमण्यांना मी माफ केलं. "किसनराव, आता हेही जबानच हाये. अन हे नवी हाये."

मग मी डब्याचं सगळं सांगितलं. गिटार चांगली आहे, सूर्यभान चोर नाही, विजेवरचा डबा लागतो, तो ऑर्केस्ट्राकडे आहे. बाबांनी लगेच तोंड उघडलं, तेव्हा मीच म्हटलं, "डबा कोनी मांगतला नव्हता. मांडवात गिटार मांगतली, तुमी गिटार आनली. झालं." ते दाराशी गेले, घोंगडी सोडली, गिटार मांडीवर घेतली आणि तो रंग उडालेला भाग पंच्यानं पुसत बसले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्हंजे हे मुकी नाई."

"नाई बाबा. तिचा आवाज अकोल्याले हाये."

"अन तुहा?"

त्यांनीच उठून माझ्या ताटातली भाकरी मोडली, भाजीला लावली आणि लहानपणी भरवायचे तसा घास पुढे केला. मी खाल्ला. मग रडले. माय तर चुलीपाशी केव्हाची रडत होती.

येत्या शनिवारी पहिल्या मोटारीनं निघते. बाबा सोबत येतात म्हणाले, पण स्टँडवरून परत फिरणार, तुमच्या दारात यायला अजून लाजतात. जमलं तर त्यांना दारात आणा. तुम्ही म्हणालात तर येतील. गिटार त्यांच्याच हातानं घ्या, आणि गंमत केली होती असं पुन्हा म्हणू नका.

या पत्राचं उत्तर लिहू नका. ते पातूरला पोचायच्या आत मी अकोल्यात असेन. मला जे वाचायचं होतं ते आता कागदावर नको. मोटारीतून उतरेन तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहून म्हणा. आले असले तरी म्हणा.

न बोलावता येणारी,
तुमची
सत्यभामा