आत उघडणारं दार

प्रिय मामा,

आई झोपेतच गेली, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं नाही. आग लागली त्या रात्री धुरातून ती निवाऱ्याच्या एकमेव दारापर्यंत पोचली होती. मागून सगळे ढकलत होते आणि दार आत उघडणारं. तिला ते ओढायला जागाच उरली नाही.

काडेपेट्यांची घरं करून मला तुम्हीच शिकवलंत, "घाबरलेला माणूस ओढत नाही, ढकलतो. म्हणून दार बाहेर उघडलं पाहिजे. कळलं का, ठकू?" आमचं घर पाडल्यावर तुम्ही आम्हाला त्या निवाऱ्यात आणलंत, तेव्हा मी दाराकडे बोट दाखवलं.

"आली मोठी इंजिनिअर! अगं, तात्पुरत्या घरांना सूट असते. मीच मंजुरीची सही केलीय."

आई म्हणाली, "दादाला शिकवू नकोस."

त्या तात्पुरत्या घरात आम्ही सात वर्षं काढली.

तुम्ही तिच्या उशाशी लहान मुलासारखे रडलात, म्हणून मी झोपेचं सांगितलं. पण चौकशीत तुम्ही म्हणालात, दार कुणाच्या लक्षातच आलं नाही. मामा, माझ्या आलं होतं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. ते वाचून तुम्ही आलात आणि नुसतं "ठकू" म्हणालात, तरी मी गप्प बसेन. जे घडलं ते सगळं मी साक्षीत सांगणार आहे, येत्या सोमवारी, चौदा तारखेला.

तुमचीच,
ठकू