चालवून पाहायला आणलेला मिक्सर

श्रावण वद्य दशमी

आज आलं: चण्याची डाळ दोन किलो, आठ रुपये, गूळ, तीन रुपये, आणि दुकानदाराने चालवून पाहायला दिलेला मिक्सर, पावणेपाचशे.

हे म्हणाले, "घेण्यासारखा आहे का, तूच पाहून सांग." मला विचारलं, याचंच अप्रूप. पाट्यावर वाटून मनगट धरलंय, तरी महालक्ष्म्यांचं पुरण यंत्रावर वाटावं का, ही रुखरुख होतीच. मग वाटलं, गिरणीचं पीठ देवीला चालतं, तर हे का नाही? शिजलेली डाळ घालून पाहिली. लोण्यासारखी झाली, मनगटाला कळलंही नाही. संध्याकाळी सांगितलं, "घ्या. पैसे वसूल होतील."

"मग ठरलं. तुळशीच्या लग्नानंतर ताईच्या पोरीचं लग्न आहे, तिले आंदण देऊ."

"आणि आपल्या घरी?"

"तुले काहून पाहिजे वं? पाटा आहे ना!"

देवापुढे दिवा लावला. हात जोडताना मनात काय आलं, ते इथेही लिहवत नाही. मी मनगट चोळत होते, तर हे म्हणाले, ताईले आजच कार्ड टाक. खापरखेड्याला नणंदेला लिहिलं: "मिक्सर उत्तम आहे, मी स्वतः चालवून पाहिला. पोरीला कोणता रंग आवडतो, ते उलटटपाली कळवा."