सगळ्यांचाच मेंदू आकसला

३ नोव्हेंबर
डोकं भणभणलंय. स्मरणशक्तीच्या अभ्यासातले सगळ्यांचे जुने-नवे एमआरआय आज एका आलेखात मांडले. दोन वर्षांत सगळ्यांचाच मेंदू आकसलाय. तुलनेसाठी घेतलेल्या कॉलेजच्या पोरांचासुद्धा. पोरांचा कसा आकसेल?
त्याच यादीत आबा. माझे सासरे.

४ नोव्हें.
सापडलं. पहिल्या वेळचे एमआरआय सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनवर मोजलेले, दुसऱ्या वेळचे नव्यावर. मध्ये कोणीतरी सर्व्हर अपडेट केला आणि सांगायची गरज वाटली नाही. नवं व्हर्जन स्मरणशक्तीच्या भागाची कड जरा आतून आखतं, म्हणून तो लहान भरतो. एवढंच.
एवढंच! आणि ह्याच आकड्यावर अभ्यासाच्या प्रमुख मॅडमनी उन्हाळ्यात सांगितलं, आबांना बोट चालवू देऊ नका.

५ नोव्हें.
मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, सगळं एकाच व्हर्जनवर पुन्हा चालवा, पण तपासून होईपर्यंत घरी बोलायचं नाही. अहवाल देताना मात्र एवढा धीर नव्हता.
घरी येताना काशीदच्या किनाऱ्यावर उतरले. आबा गळ्यात शिट्टी अडकवून पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होते. बोट काढून घेतल्यावर भाऊजींनी, मोठ्या दिरांनी, हे काम लावून दिलंय. एका गाडीवाल्याने 'ए काका, बाजूला हो' म्हणून हाकललं. झाले बाजूला. जन्मभर तांडेल होता हा माणूस, अख्खी बोट त्याच्या शब्दावर चालायची. मला त्या गाडीची काच फोडावीशी वाटली.

९ नोव्हें.
आबांचे दोन्ही एमआरआय जुन्या व्हर्जनवर चालवले, मग दोन्ही नव्यावर. दोन्हीकडे उत्तर तेच. वयाला धरून, विशेष काही नाही.
बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंद की संताप, कळलं नाही.

१० नोव्हें.
मॅडमचं ऐकलं नाही. जेवताना सांगून टाकलं. भाऊजींना व्हर्जन समजेना, तेव्हा म्हटलं, आधी एका काट्यावर मासळी तोलली, मग दुसऱ्यावर, आणि म्हणालो घट आली.
भाऊजी म्हणाले, "पन आता विसरतान ते. परवा घराची वाट चुकलं."
खरंय. चुकले. उन्हाळ्यापर्यंत चुकत नव्हते.
आबा मान खाली घालून मासळीचे काटे काढत होते. म्हणाले, "तुमी सांगला, मी सोरला. आता परत कशाला सांगताव?"


१२ नोव्हें.
मॅडम भडकल्या. नोटीस येईल म्हणे. येऊ दे.
आबांचा दुसरा एमआरआय उन्हाळ्यातला. त्यानंतर आबांच्या डोक्यात काय झालं ते त्यात नाही. तिसऱ्या एमआरआयला ते नाही म्हणतात, आणि मी कुठल्या तोंडाने आग्रह करू? दुखणं आत्ता खरंच सुरू झालं, की आम्हीच त्यांना घरी बसवून...

१५ नोव्हें.
मी हट्ट धरला म्हणून भाऊजी आबांना बोट द्यायला तयार झाले, एका फेरीपुरते. मला बोटीची धास्ती, तरी गेले. सुकाणू हातात आलं तशी आबांची पाठ ताठ झाली. मला वाटलं, मी जिंकले.
खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. तिथे त्यांनी इंजिन हळू केलं. भाऊजींकडे बघितलंच नाही, माझ्याकडे वळले.
"उजवीकरं ना गो?"
मला त्या पाण्यातलं काडीचं कळत नाही. आबा माझ्याकडे बघत थांबलेले. मी हो म्हटलं.